ओळंब्याने न पाहिलेली भिंत

शांत हवेत दोरीला सोडलं, की मी अठरा हेलकावे घेऊन स्थिर होतो. गेलं वर्षभर माझ्या गवंड्याच्या हातात तीस झाले तरी थांबत नाही. त्याचा हातच थरथरतो, त्याला मी काय करणार?

मित्रांनो, मी पितळेचा जुना ओळंबा. लेथवर घडलो, दुकानात खिळ्यांशेजारी धूळ खात पडलो, मग एका नवशिक्या गवंड्याने मला उचललं. भिंतीच्या माथ्यावरून त्याने मला खाली सोडायचं. मी भिंतीला पुसटसा टेकलो, की भिंत सरळ. बावीस वर्षं आम्ही हे काम चोख केलं. इंजिनिअरसाहेब म्हणायचे, "मिस्त्रींची भिंत काय तपासायची!"

मग एक दिवस परांचीची फळी निसटली. गवंडी आणि त्याचा कामातला जोडीदार दोघेही दुसऱ्या मजल्यावरून खाली आले. माझी दोरी गवंड्याच्या बोटांना गुंडाळलेली होती, म्हणून मीही आलो. जोडीदार जागीच गेला.

गवंड्याच्या डोक्याची जखम चार महिन्यांत भरली. मेंदूचा नवा फोटो स्वच्छ आला, आणि लोकांची कणव तिथेच संपली. पण तो विसरू लागला होता. शांत सकाळी त्याला एकेक थर आठवे. कुठे फळी आपटली, की चेहरा पांढराफटक पडे आणि मनातलं माप पुसलं जाई. हे मी पाहिलं. कामगारांनी वेगळंच पाहिलं. "मिस्त्री, चहा झाला की व्हायचाय?" ते मुद्दाम विचारत. तो खरोखर कपात डोकावून बघे. केवढे हसत सगळे!

साइटचा मुकादम त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. ती त्याला सांगून थकली, "अरे, डॉक्टर म्हणतात, भीती अजून गेलेली नाही. सगळं लक्ष तीच खाते, मग लक्षात काय राहणार? तिच्यावरही उपचार करायला हवेत."

"ताई, फोटो साफ आहे ना? मग दाजींना कामाचा कंटाळा आलाय, दुसरं काही नाही."

गेल्या मंगळवारी शाळेच्या जिन्याची भिंत चढत होती. वरून लोखंडी पाइप पडला. गवंडी कान दाबून खाली बसला. मग उठला आणि माथ्यापर्यंत बांधतच गेला. मी पिशवीत होतो. मला कुणी बाहेर काढलंच नाही.

संध्याकाळी त्याने मुकादमाला विचारलं, "मी ओळंबा लावला होता का रे?"

"लावला असेल. गिलावा झाला की सगळ्याच भिंती सरळ दिसतात. आणि दाजी, हे कुठे बोलू नका. कायमचं घरी बसावं लागेल."

सहा दिवस त्याने हे लपवलं. डबा मात्र तसाच घरी परत जात होता.

मित्रांनो, आम्हा अवजारांनी शेवटी म्हणायचं असतं, आम्हाला पुसा, तेल लावा, जपून ठेवा. मला तेल नको. हाताला प्लास्टर दिसलं, की तुम्ही बाजूला सरकून वाट देता. ज्याचं काहीच दिसत नाही, त्याला मात्र कपात डोकवायला लावता. तेवढं सोडा.

आज गिलाव्याची माणसं आली. इंजिनिअरसाहेब समोर उभे होते आणि मुकादम डोळे वटारत होता. गवंडी पुढे झाला.

"साहेब, गिलावा थांबवा," तो म्हणाला. "ही भिंत पाडा. मी बांधलीय, पण ओळंबा लावल्याचं मला आठवत नाही."