तांबड्या भाताचा कोप

१९३७च्या कार्तिकात वेल्ह्याकडच्या आमच्या वाडीत एका वाफ्याभोवती एवढी गर्दी लोटली की माझ्या शाळेत चिटपाखरू उरलं नाही. वाफ्यात भाताची चाळीस रोपं आणि मधोमध सावळारामबुवा, अंगभर भस्म फासून.

"बगा मंडळी! पेरलं समदं तांबडं. म्या तवाच बोललो व्हतो, चौथा हिस्सा पांढरा हुईल!"

बुवाने लोंब्या चुरगाळल्या. अकरा रोपांचे दाणे पांढरे, बाकीचे तांबडे. लोकांनी हात जोडले. दाण्याला हात जोडणाऱ्यांना मी काय शिकवणार?

झालं होतं असं. गेल्या साली गेनबाच्या पांढऱ्या आंबेमोहरात काही रोपं तांबड्या दाण्याची निघाली. त्याच साली वैशाखात त्याची सून बनाबाई घरात आली होती. बुवाने लगेच गाठ मारली: सून अपशकुनी, म्हणून गावदेवी आईचा कोप. गेनबाने पोरीला वर्षभर गोठ्यात निजवलं आणि बुवाने त्या तांबड्या बियाण्यावर अनुष्ठान मांडलं.

"तीन हिस्से कोप ऱ्हायलाय," बुवा म्हणाला. "पोरीला कायमची म्हायेरी धाडा."

गेनबाने मान डोलावली. बैलगाडी जुंपलेलीच होती. संताप आला मला, बुवाचा आणि त्याहून गेनबाचा.

तेवढ्यात बनाबाई हातात लोंब्यांची पेंढी घेऊन पुढे आली. "मामंजी, जाते म्या. पन येवढं बगा. त्योच तांबडा दाना म्या गोठ्यामागं पेरला व्हता. मंतर न्हाई, भसम न्हाई. तीस रोपं आली, आठ पांढरी."

बुवा गरजला, "बाटवलंस पोरी!"

"बाटवलं तर पांढरं कसं झालं?" हे विचारणारा माझा मित्र नारायण, भोरचा, शेतकी कॉलेजात शिकलेला. तो गेनबाकडे वळला. "तुमच्या खाचराशेजारच्या तळ्यात देवभात उगवतं. ऋषिपंचमीला लागतं म्हणून तुम्ही ते उपटत नाही."

"देवाचं हाय ते."

"ते आपल्या भाताच्या जुन्या रानटी कुळातलं. दाणा तांबडा. त्याचा पराग वाऱ्याने आंबेमोहरावर आला. अशा संकराचं रोप तांबडंच होतं, कारण तांबडा गुण वरचढ आणि पांढरा आत दबलेला. त्याचं बी पेरलं की सुमारे चारांत एक पांढरं निघतं. कुणाचा कुणाशी संकर जमतो, पुढच्या पिढीत काय उतरतं, हे बघूनच आम्ही झाडांची नाती लावतो. बुवा, तुम्हीच सांगता ना, पूर्वी कोकणात भात लावत होतात म्हणून? हे तिथंच पाहिलंत."

बुवा झोळी आवरू लागला.

"गेनबा, तांबडं दिसलं गेल्या साली, पण ज्या बियांतून ती रोपं आली त्यांत संकर झाला त्याच्याही आदल्या सालच्या भादव्यात. तेव्हा ही कुठं होती?"

गेनबाचा आवाज खाली आला. "तवा... सोयरीक बी न्हवती जुळली."

त्याने स्वतःच्या हाताने बैल सोडले. बनाबाई पेंढी घेऊन घरात गेली.

वाडीत चाळीस उंबरे. प्रत्येकाकडे जमीन आहे, बियाणं आहे, पाऊस आहे. पण पेरून बघायचं सुचलं ते गोठ्यात टाकलेल्या पोरीला. थोडी लाज असेल तर बाबांनो, पुढच्या बुवाला हात जोडण्याआधी मूठभर दाणे आपल्या हाताने पेरून बघा.