ताऱ्याची गोधडी पांघरलेला ग्रेडर

मित्रांनो, चोकचेरी नाल्याच्या वस्तीत रस्तेखात्याच्या आवारात पत्र्याची एक शेड आहे. तिच्याखाली लांब मानेचे जे पिवळे धूड उभे आहे, ते मी. मी एक जुना ग्रेडर आहे. माझ्या पोटाखाली लांबलचक पोलादी पाते आहे. उन्हाळ्यात त्या पात्याने मी मुरमाचे रस्ते तासून सारखे करतो आणि हिवाळ्यात बर्फ बाजूला लोटतो. माझा रंग उडाला आहे, एका दिव्याची काच तडकली आहे, आणि चढावर मला धाप लागते. पण हळहळू नका. मी अजून कामावर आहे.

माझा जन्म इथून फार दूरच्या कारखान्यात झाला. एका लांब ट्रेलरवर बांधून मला अमेरिकेतल्या या लकोटा आदिवासी लोकांच्या मुलखात आणले, तेव्हा आवारात केवढी गर्दी जमली होती! एका वृद्धाने सुगंधी गवत पेटवून त्याचा धूर माझ्या चाकांवरून, पात्यावरून, इंजिनावरून फिरवला. मग भाषणे झाली. बोलणारा वडीलधारा असला की त्याला मध्येच थांबवायचे नाही, अशी इथली रीत आहे, त्यामुळे भाषणे बराच वेळ चालली. मग जेवण झाले. इथे कोणतेही काम जेवणाशिवाय सुरू होत नाही आणि जेवणाशिवाय संपतही नाही.

माझा पहिला चालक ऑर्व्हल स्टँडिंग क्रेन. माणूस अबोल, पण हात फार हलका. त्याने मला इथले रस्ते शिकवले आणि रस्त्यांच्या हद्दीही शिकवल्या. आमच्याकडे रस्त्यांची वाटणी भावकीतल्या जमिनीसारखी झाली आहे. डांबरी रस्ता राज्याचा, पुलापलीकडचा तुकडा काउंटीचा म्हणजे जिल्ह्याचा, शाळेकडे जाणारा वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारचा, आणि उरलेला आमच्या जमातीच्या सरकारचा. प्रत्येकाने आपापल्या हद्दीपुरते काम करावे आणि हद्द आली की पाते उचलावे, असा नियम. बर्फ मात्र सगळ्यांच्या हद्दीत सारखेच पडते. ऑर्व्हल पाते उचलायला नेहमी विसरायचा. कोणी जाब विचारला तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "या गड्याला हद्द दिसत नाही. मी काय करू?"

आणि ज्या वाटा कोणाच्याच नकाशात नव्हत्या, त्याही आम्ही मोकळ्या करायचो. नाल्यापलीकडची अर्व्हेला ग्रे ब्लँकेटच्या घराची वाट त्यातलीच एक.

अर्व्हेला एकटी राहायची. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीन वेळा तिला फार लांबच्या इस्पितळात जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागे. जमातीची व्हॅन तिला न्यायला यायची. एखादी खेप चुकली की तिच्या अंगात पाणी साचायचे, पाय सुजायचे, श्वास पुरायचा नाही. मुलगी म्हणायची, आई, इस्पितळाजवळ राहायला ये. अर्व्हेला म्हणायची, घरामागच्या टेकडीवर तुझा बाप निजलाय, त्याला सोडून मी त्या गजबजाटात काय करू? तेव्हा तिचे जगणे त्या वाटेवर अवलंबून होते, आणि हिवाळ्यात ती वाट माझ्यावर अवलंबून होती. एवढ्या भरवशाच्या कामाचा मला अभिमान वाटायचा, हे मी लपवत नाही.

ऑर्व्हलचे गुडघे थकले तेव्हा त्याची भाची ट्विला माझी चालक झाली. आवाज मोठा, हसणे त्याहून मोठे, आणि काम करताना ती सतत माझ्याशी बोलायची. माझी दुखणी मामाइतकीच तिलाही कळायची. माझ्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्यात, दुसऱ्या आणा, असे तिने उन्हाळ्यात रस्तेखात्याच्या साहेबांना सांगितले. मोठ्या गावासाठी नवा ग्रेडर आला आहे, जुन्यावर आता कशाला खर्च, असे उत्तर मिळाले. पुढच्या उन्हाळ्यात तिने पुन्हा सांगितले. तेव्हा साहेब म्हणाले, बघू, हिवाळा येऊ दे. साहेब वाईट नव्हते. माणसे थोडी, रस्ते पुष्कळ, आणि गवताला आग लागण्याच्या दिवसांत बर्फाची आठवण कोणाला येणार?

त्या वर्षी हिवाळा संपता संपता मोठे वादळ आले. कुंपणाचे खांबसुद्धा दिसेनासे झाले. अर्व्हेलाची एक खेप चुकली. वादळ ओसरले त्या सकाळी आम्ही निघालो. पुढे मी आणि ट्विला, मागे लायल नावाच्या चालकाची व्हॅन. आज अर्व्हेलाला इस्पितळात पोहोचवलेच पाहिजे, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. निघताना ट्विलाने तिला फोन केला. आवाज दमलेला होता, पण स्वभाव जागच्या जागी.

"श्वास जरा अडकतोय गं. पण तू सावकाश ये. मी कुठे पळून जाणार आहे?"

ट्विला हसली नाही. तिने वेग वाढवला.

नाल्याच्या अलीकडे शेवटचे घर ॲम्ब्रोझ लिटल एल्कचे. वस्तीतला सगळ्यात वयोवृद्ध माणूस. वादळात दोन-तीन दिवस त्याला माणसाचे तोंड दिसले नव्हते. आम्ही दिसताच तो काठी टेकत रस्त्यात येऊन उभा राहिला. सूप केले आहे, आत या, म्हणाला. ट्विलाने पलीकडे बोट दाखवून घाई असल्याचे सांगितले. तो म्हणाला, दोन घास खा आणि जा, उपाशी माणसाने बर्फात काम करू नये. आता, वडीलधाऱ्याने वाढलेले अन्न नाकारणे म्हणजे इथे त्याच्या तोंडावर दार आपटण्यासारखे. ट्विला उतरली. लायलही उतरला. दोघांनाही चांगले वळण लागलेले होते, इथेच सगळे बिघडले.

आतले मला नंतर ट्विलाने सांगितले. ॲम्ब्रोझने सूप वाढले, गेलेल्या माणसांसाठी थोडे एका बशीत काढून बाहेर ठेवले आणि जेवणाआधीच्या प्रार्थनेला उभा राहिला. बाहेर मी घरघरत होतो. माझ्या आवाजाने खिडकीची तावदाने थरथरत होती. म्हातारा डोळे मिटून बोलतो आहे आणि अंगणात यंत्र कोकलते आहे, हे ट्विलाला सोसेना. ती दबक्या पावलांनी बाहेर आली, किल्ली फिरवून तिने माझे इंजिन बंद केले आणि परत आत गेली.

कडक थंडीत इंजिन बंद करायचे नसते, हे तिला मामाने हजारदा बजावले होते. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण त्या क्षणी मी बंद झालेलो होतो.

प्रार्थना लांबली. ॲम्ब्रोझने पूर्वजांची आठवण काढली, लष्करात गेलेल्या मुलांसाठी मागणे मागितले, घोड्यांसाठी मागितले. अर्व्हेला सुखरूप इस्पितळात पोहोचू दे, असे तर त्याने फार मनापासून आणि फार वेळ मागितले. लायल मान खाली घालून उभा होता. सूप निवत होते.

कसेबसे दोन घास खाऊन ट्विला घाईघाईने बाहेर आली आणि तिने मला सुरू करायला किल्ली फिरवली. माझ्यातून टक् असा आवाज आला आणि पुढे काही नाही. पुन्हा टक्. बॅटऱ्यांत जीव नव्हता, आणि इंजिनातले तेल थिजून काकवीसारखे झाले होते. लायलने व्हॅनची बॅटरी जोडून पाहिली. ती बिचारी माझ्यापुढे फारच लहान पडली. ट्विला पायरीवरच बसली आणि तोंड दोन्ही हातांत लपवून रडली. मित्रांनो, मला त्या दिवशी माझ्या वयाची पहिल्यांदा लाज वाटली.

मग लायलने फोन फिरवले. आम्ही सकाळीच मोकळा केलेला रस्ता मागे होता, म्हणून माणसे येऊ शकली. ट्रकच्या मोठ्या बॅटऱ्या आल्या, जाड तारा आल्या, घमेल्यात निखारे आले. निखारे माझ्या पोटाखाली सरकवले. पण वारा असा की ऊब लागते न लागते तोच उडून जात होती. ताडपत्री टाकली, ती फाटली. इंजिनावर काहीतरी जड, दाट हवे होते.

ॲम्ब्रोझ आत गेला आणि एक गोधडी घेऊन आला. मधोमध लाल-पिवळा मोठा तारा, चहूबाजूंनी निळे. असली गोधडी इथे मोठ्या मानाची. लग्नात देतात, लढाईवरून परतलेल्याच्या खांद्यावर घालतात, आणि शेवटच्या प्रवासात माणसाबरोबर पाठवतात. ही त्याच्या बहिणीने त्याच्या शेवटच्या प्रवासासाठी शिवलेली होती, हे सगळ्या वस्तीला माहीत होते.

"आजोबा, नको," ट्विला म्हणाली. "तेलाचे डाग पडतील."

"पडू देत."

"तुमची आहे ती."

"माझं काही घाईचं नाही. तिकडे त्या बाईचं आहे." मग खाली बघत तो म्हणाला, "प्रार्थना मी लांबवली, पोरी. गोधडी तरी घालू दे."

त्याने स्वतःच्या हातांनी ती माझ्या पाठीवर पसरली आणि कडा खोचल्या. त्याला बघून बाकीचेही आपापल्या गाड्यांतून रजया, घोंगड्या घेऊन आले. एवढ्या वर्षांत मला पुष्कळ तेल मिळाले, ग्रीस मिळाले, कधी कधी शिव्याही मिळाल्या. पांघरूण मात्र कोणी घातले नव्हते. निखाऱ्यांची ऊब हळूहळू माझ्यात शिरली. तेल सैल झाले. ट्विलाने किल्ली फिरवली. मी एकदा खोकलो, दोनदा खोकलो, आणि काळा धूर सोडून सुरू झालो. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे पटापट बाजूला झाले आणि ट्विलाने गियर टाकला.

नाल्याचा उतार, मग चढ, मग अर्व्हेलाची वाट. मी तसे बर्फ पूर्वी कधी लोटले नव्हते आणि नंतरही नाही. ती खिडकीशी खुर्चीत बसलेली होती, कोट घालून, पिशवी मांडीवर घेऊन. ओठ निळे पडले होते, पाय बुटांत मावत नव्हते. ट्विला तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली.

"या खिडकीतून ॲम्ब्रोझचं अंगण दिसतं," अर्व्हेला दमून दमून म्हणाली. "सगळं बघितलं मी."

"आत्या, चुकलं माझं."

"ते राहू दे. सुपात मीठ तरी बरं होतं का?"

लायलने तिला उचलून व्हॅनमध्ये टेकून बसवले, प्राणवायूची नळी लावली, आणि मी पुढे झालो. त्या दिवशी इस्पितळाच्या फाटकापर्यंत मी पाते उचलले नाही. वाटेत कोणाकोणाच्या हद्दी लागल्या, कोण जाणे.

अर्व्हेला वाचली. थोडे दिवस इस्पितळात राहून, तिथल्या परिचारिकांना पुरेसे छळून घरी आली. गोधडीवर ताऱ्याच्या मधोमध हाताएवढा काळा डाग पडला होता. ट्विलाने ती धुऊन द्यायचे म्हटले, तर ॲम्ब्रोझने दिली नाही. तिकडे गेल्यावर हा डाग कसला म्हणून विचारतील, मला सांगायला काहीतरी हवे ना, असे त्याचे म्हणणे.

माझे कौतुक झाले. मुलांनी चित्रे काढली. मग बर्फ वितळले, चिखल झाला, गवत उगवले, आणि लोक मला विसरले. बॅटऱ्या त्याच होत्या. ट्विलाने साहेबांना पुन्हा सांगितले. साहेब पुन्हा म्हणाले, बघू, हिवाळा येऊ दे.

भर उन्हाळ्यात एके दुपारी इस्पितळातून परतणारी व्हॅन आमच्या आवारात थांबली. अर्व्हेला उतरली. यंत्रावरून उतरलेला माणूस किती गळून जातो, हे इथे घरोघर ठाऊक आहे. तिने घडीची खुर्ची उघडली आणि साहेबांच्या दारासमोर बसली. साहेब धावत बाहेर आले. जुन्या ग्रेडरच्या बॅटऱ्या कधी येणार, असे तिने विचारले. बॅटऱ्या हिवाळ्याआधी नक्की येतील, असे त्यांनी सांगितले.

"बरं," ती म्हणाली. "मग हिवाळ्यापर्यंत बसते."

त्या दिवशी लायलने तिला समजावून घरी नेले. पण त्यानंतर इस्पितळातून येताना प्रत्येक वेळी व्हॅन आवारात वळायची आणि ती खुर्ची उघडायची. भांडली नाही, रागावली नाही. वडीलधाऱ्या बाईला ऊठ म्हणायची साहेबांची छाती नव्हती. उलट तिच्यासाठी सावली करावी लागे, कॉफी आणावी लागे, जेवू घालावे लागे. मग तिच्याशी बोलायला शेजारपाजारच्या बायका आपापल्या खुर्च्या घेऊन येऊ लागल्या. त्यांनाही कॉफी आलीच. साहेबांचे कामकाज ठप्प झाले.

बॅटऱ्या आल्या. नव्याकोऱ्या. ट्विलाने बसवल्या, तेव्हा अर्व्हेला खुर्ची माझ्याजवळ ओढून बघत होती. बसवून झाल्यावर तिने किल्ली फिरवायला सांगितली. पहिल्याच फटक्यात मी सुरू झालो. बाहेर पत्रा तापून कडकडत होता, गवत वाळून पिवळे पडले होते, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. अर्व्हेलाने माझ्या चाकावर हात ठेवला, वर आभाळाकडे पाहिले आणि म्हणाली, "आता पडू दे बर्फ."

मित्रांनो, बर्फात मला हाका मारणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या हाकेला मी जातोच. पण उन्हाळ्यात माझी विचारपूस करायला एकच बाई आली, तीही दुखण्यातून उठून. तुमच्याही गावात माझ्यासारखे कोणी उभे असेल. आगीचा बंब असेल, रुग्णवाहिका असेल, पाण्याचा पंप असेल. अडचणीच्या दिवशी तुम्ही त्यांच्याकडे धावत जालच. माझे एवढेच मागणे आहे, की ज्या दिवशी त्यांच्याकडे तुमचे काहीच काम नसेल, त्या दिवशीही एकदा जाऊन या.