दोन दारं

बसस्थानकावरच्या स्वच्छतागृहाचं काम आर्किटेक्टकडे आलं, तेव्हा अपंगांसाठीची खोली त्याने नियमाबरहुकूम चटकन रेखाटून टाकली. त्याचा जीव अडकला होता दर्शनी दगडी भिंतीत. नकाशा पाहून त्याची ताई म्हणाली, "भिंत झकास आहे रे. पण आत शिरून बघितल्याशिवाय तुझ्या कागदावर माझा विश्वास बसायचा नाही."

ताई पूर्वी पोहायला शिकवायची. पाठीच्या कण्याला मार बसला तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीवर होती.

मग सुताराच्या कारखान्यात प्लायवूडची अख्खी खोली उभी राहिली. दार, कमोड, धरायची दांडी, सगळं खऱ्या मापाचं. ताई व्यायामाला येणाऱ्या एका मित्रालाही घेऊन आली. पक्षाघाताने त्याची डावी बाजू गेली होती. सगळे त्याला कॅप्टन म्हणत.

आर्किटेक्ट संकोचून बाहेर निघाला.

"थांब की! कपड्यांसकट आहे मी, लाजतोस कसला? आज बघच."

इतकी वर्षं एका घरात राहून त्याने हे कधी पाहिलं नव्हतं. ताईने खुर्ची तिरकी लावली, ब्रेक ओढले, खुर्चीचा एका बाजूचा हात काढून ठेवला. एक पंजा दांडीवर, दुसरा बैठकीवर. डोकं तिने कमोडच्या उलट दिशेला खाली झोकलं आणि त्या झोकासरशी अख्खं अंग उचललं गेलं, हवेत वळलं, अलगद कमोडवर टेकलं. दंडाच्या शिरा तेवढ्या तटतटल्या होत्या.

रोज, कितीतरी वेळा, बंद दाराआड ही बाई हे करत होती आणि बाहेर येऊन विचारत होती, चहा कुणाकुणाला हवाय.

"तोंड मीट," ताई म्हणाली. "माशी जाईल."

कॅप्टन काठी टेकत आत गेला, बसला, पण त्याला उठता येईना. "राव, दांडी नेमकी माझ्या संपावर गेलेल्या हाताकडे लावलीत!"

"मग उजवीकडे लावू."

"लाव, आणि मला बसव लोंबकळत," ताई उसळली. "माझा उजवा खांदा पोहण्यात कामातून गेलाय. मला डावीकडेच हवी."

दोघं हमरीतुमरीवर आली. खुर्ची लावायला मोकळ्या सोडलेल्या बाजूला घडीची, वर दुमडणारी दांडी लावून पाहिली, तर कॅप्टनचा भार पडताच ती डुगडुगली. आर्किटेक्टला दिसत होतं की दोघांचंही खरं आहे. एकमेकींच्या उलट अशा दोन खोल्याच हव्या होत्या आणि जागा होती एकीची. त्याने रबर घेतलं आणि दुसरीला जागा करायला दगडी भिंत आपल्याच हाताने पुसली.

स्वच्छतागृह सुरू झालं त्या आठवड्यात तिघं पाहायला गेली. चाकाच्या खुर्चीवरची एक अनोळखी बाई आली, आत दांडी कुठल्या बाजूला आहे ते दाखवणाऱ्या दोन्ही दारांवरच्या खुणा तिने निरखल्या आणि उजवीकडच्या खोलीत शिरली. कडी लागली. तिचा नवरा सवयीने मागोमाग धावला आणि दारापाशी थबकला.

"येऊ का गं?"

"नको! तुम्ही बसा बाहेर."

तो बाकावर बसला. मोकळ्या हातांचं काय करावं हे त्याला कळेना. बराच वेळ आतून काहीच ऐकू आलं नाही. मग पाण्याचा आवाज, आणि त्यावरून सावकाश, मजेत म्हटलेलं एक गाणं.

"छान गातात हो," कॅप्टन हळूच म्हणाला.

"गाते?" नवरा दाराकडे बघतच राहिला. "मला माहीतच नव्हतं."

आर्किटेक्ट जागचा हलला नाही. गाणं संपेपर्यंत कुणीच हललं नाही.