चारशे दहा ग्रॅमचं पार्सल

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो, आणि तुमचं-माझं पटेल असं मला वाटत नाही. तुम्ही मोबाइलवर बोट टेकवता आणि समुद्रापलीकडची वस्तू मागवता. ती जिथे येऊन अडकते तिथे मी राहतो: परदेशी पार्सलांच्या कचेरीत, दोन नंबरच्या खिडकीमागे. खिडकीशी आलेला माणूस आधी रक्कम ऐकतो आणि मग रागाने माझ्याकडे बघतो, जसं काही मीच त्याचा खिसा कापला. अहो, ती रक्कम ठरवताना मला कोणी विचारतसुद्धा नाही.

माझा जन्म एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. पोटात जाड स्प्रिंग, तोंडावर पांढरी तबकडी, डोक्यावर सपाट पाटा. पितळी वजनं एकेक करून माझ्यावर ठेवली गेली, दर वेळी मी खरं बोललो, तेव्हा कुठे मला तपासणीचा शिक्का मिळाला. इथे आलो तेव्हा खिडकीवर एक म्हातारे कारकून होते. रोज सकाळी ते मला फडक्याने पुसायचे आणि काटा शून्यावर आहे ना, ते वाकून बघायचे. कोणी हुज्जत घातली तर म्हणायचे, "माझ्याशी भांडा, याच्याशी नको. हा खोटं बोलत नाही." आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच. मला ते पुरत होतं.

मग नवा नियम आला. वजन पार्सलाचं नव्हे, खोक्याचं धरायचं, आणि तेही लांबी, रुंदी, उंची मोजून. खोकं मोठं की भाडं मोठं, मग आत पीस असो की शिसं. बरं, आयात कर नुसत्या वस्तूच्या किमतीवर नसतो, तिच्या प्रवासाच्या भाड्यावरही असतो. म्हणजे भाडं फुगलं की करही फुगला. तो कर गोळा करण्याचे कष्ट घेतल्याबद्दल कचेरीची वेगळी फी. आणि पार्सल सोडवायला उशीर झाला तर गोदामभाडं, रोजच्या रोज, तेही खोक्याच्या मापाने. या सगळ्यासाठी एक पिवळी मोजपट्टी आणली गेली. तिचा मला मनापासून तिटकारा आहे. माझ्या पाट्यावर तेव्हापासून रजिस्टरं, जेवणाचा डबा आणि उष्टे कप ठेवतात.

म्हाताऱ्या कारकुनांच्या जागी एक बाई आली. हमाल तिला मॅडम म्हणतो. मी तिला अहोजाहो करणार नाही. मोजपट्टी ती गळ्यात अडकवून बसते, आणि गेल्या चार वर्षांत तिने मला एकदाही पुसलेलं नाही.

एका सकाळी उशीएवढं एक खोकं आलं. हमालाने जुन्या सवयीने रजिस्टरं बाजूला सारून ते माझ्यावर ठेवलं. चारशे दहा ग्रॅम, खोक्यासकट. बाईने चिठ्ठी वाचली: विणकामाच्या यंत्राच्या सुया, नग चाळीस. खालचा पत्ता वाचून तिचा चेहरा ताठ झाला. तो तिच्या माहेरचा पत्ता होता. पार्सल तिच्या वहिनीच्या नावावर होतं, आणि त्या दोघींचं बोलणं आई गेल्यापासून बंद होतं.

बाईने गळ्यातली पट्टी काढली. खोकं प्रवासात दबून एका बाजूने फुगलं होतं. माप कडेवरून घ्यायचं असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने पट्टी फुगवट्यावरून नेली. गोदामभाड्याची एक पायरी त्यातच वर चढली. मग तिने वहिनीला एक फोन करायचा, तर तेही नाही. साध्या टपालाने नोटीस धाडली. नोटीस पोहोचायला पाच दिवस लागले आणि पाच दिवसांचं भाडं चढलं. मी सगळं बघत होतो. मला तिची शिसारी आली.

सहाव्या दिवशी वहिनी नोटीस मुठीत चुरगाळून खिडकीशी आली.

"वन्सं, हे काय आहे?"

"इथे मी वन्सं नाही. खिडकीवर खिडकीसारखं बोला. नोटिशीचा नंबर सांगा."

"सुयांना पडले त्याच्या चौपट मागताय तुम्ही."

"मी कुठे मागतेय? भाडं पाठवणाऱ्याने लावलं, कर सरकारने लावला. सुया पाकिटात घालून पाठव, असं त्याला आधी सांगायचं होतं."

"हे आधी मला सांगणारं माणूस घरचंच होतं. तोंड शिवून बसलं होतं."

मागे रांग लागली होती, पण कोणी घाई करेना. फुकटचा तमाशा कोणाला नको असतो? वहिनीने खिडकीतून हात घालून खोकं ओढलं आणि स्वतःच माझ्यावर ठेवलं. "वाचा," ती म्हणाली. "चारशे दहा. आत हवा आहे नुसती."

"हवेनेही जागा अडवलीच ना? आणि त्या काट्याला कोण विचारतंय? तो भंगारात जायचाय."

हे मी ऐकलं, मित्रांनो. अजून विसरलेलो नाही.

वहिनीचा सूर मग जरा खाली आला. शाळेचे साठ स्वेटर तिने अंगावर घेतले होते. थंडीच्या आत द्यायचे होते आणि यंत्राच्या निम्म्या सुया मोडल्या होत्या. त्या जातीच्या सुया इथे मिळत नाहीत. "गोदामाचं तरी कमी करा," ती म्हणाली. "एवढं काम गेलं तर शाळा पुन्हा विचारणार नाही मला."

"यंत्र आईचं होतं," बाई म्हणाली. तिचा आवाज एकदम घरातला झाला. "तिच्या पोटची मी. आणि यंत्र तुमच्या खोलीत."

"आईंनी स्वतःच्या हाताने दिलं मला. तुम्हाला शिकवायला बसवलं की तुम्ही पाच मिनिटांत उठायचात, हे त्यांनीच सांगितलंय."

बाईचा चेहरा पडला. मग तिने रजिस्टर उघडलं आणि त्यात बघत म्हणाली, "पुढचे."

वहिनीने पैसे भरले नाहीत. ती हट्टाला पेटली आणि वरच्या साहेबांकडे लेखी तक्रार केली. तक्रारीचा निकाल लागायला नऊ दिवस गेले आणि त्या नऊ दिवसांचंही भाडं चढलं. भांडायला जावं तर भांडणाचंच भाडं पडतं, अशी या कचेरीची रीत आहे. मधे एकदा बाईचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, येऊन गेला. तो खिडकीशी उभा राहून टोपी हातात फिरवत होता. बाई म्हणाली, "दादा, तू तरी सांग, माझं चुकलं का?" तो म्हणाला, "तुम्ही दोघी बघा काय ते," आणि निघून गेला. असल्या माणसाचं वजन करायची वेळ आली तर माझा काटा हलणार नाही.

निकाल आला: आकारणी नोंदलेल्या मापाप्रमाणे बरोबर आहे. साहेबांनी खोकं डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं.

न सोडवलेलं पार्सल नियमाप्रमाणे सोळाव्या दिवशी परत जायचं होतं. त्या दिवशी चार वाजता वहिनी आली. मागे तिचा नवरा, त्याच्या हातात एक लांब लोखंडी पेटी. वहिनीने दार ढकललं, सरळ खिडकीमागे आली, माझ्यावरची रजिस्टरं उचलून जमिनीवर ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "ठेवा इथे."

विणकामाचं यंत्र होतं ते. अकरा किलो चारशे ग्रॅम. किती वर्षांनी माझ्यावर खरं ओझं आलं होतं. स्प्रिंग पोटात करकरली.

"घ्या," वहिनी म्हणाली. "आईंचं यंत्र. तुम्हाला हवं होतं ना?"

बाई उठून उभी राहिली. "आणि स्वेटर?"

"शाळेने काल दुसऱ्याला दिले. सोमवारपासून मी लाँड्रीत इस्त्रीला जाते." वहिनीचा आवाज जरासुद्धा चढला नाही, आणि तेच ऐकायला जास्त जड गेलं. "पार्सल दुसऱ्याच्या नावावर करायचा फॉर्म असतो ना तुमच्यात? द्या."

बाईने हात पुढे करून फॉर्म दिला. वहिनीने तो उभ्याउभ्याच भरला आणि सोडवून घेणाऱ्याच्या जागी नणंदेचं पूर्ण नाव लिहिलं.

"सुया त्याच यंत्राच्या आहेत. दुसऱ्या कशाला चालत नाहीत. पाचच्या आत सोडवून घ्या, नाहीतर परत जातील."

ती गेली. भाऊ दारात घुटमळला, बहिणीकडे एकदा बघून घेतलं आणि बायकोमागे गेला.

बाई बराच वेळ त्या फॉर्मकडे बघत बसली. पावणेपाचला हमाल हळूच म्हणाला, "मॅडम, पट्टी परत लावू का? कडेवरून घेतली तर एक पायरी खाली येईल."

"नोंद झालीये," बाई म्हणाली. "निकालही लागलाय."

तिने पैसे स्वतःच्या पर्समधून काढले. किमतीवरचा कर, भाड्यावरचा कर, कचेरीची फी, आणि फुगवट्यावरून मोजलेलं सोळा दिवसांचं गोदामभाडं. पावती तिनेच लिहिली आणि घेणाऱ्याच्या जागी सहीही तिनेच केली. मला फार आनंद झाला. मी कोणी साधुसंत नाही.

मग तिने खोकं फोडलं. आतून कागद निघाले, हवेच्या पिशव्या निघाल्या, पुन्हा कागद. ते सगळं जमिनीवर पडत गेलं. तळाशी तळहातावर मावेल एवढी पुडी होती. तिने यंत्राचं झाकण उघडलं. सुयांचे निम्मे गाळे रिकामे होते. टोकाला वाकडा आकडा असलेली एक सुई तिने एका बाजूने घालून पाहिली, मग उलटी करून पाहिली. बसेना. एका गाळ्यापाशी रंगाचा जुना ठिपका होता, तिच्या आईने कधीतरी खुणेसाठी लावलेला. त्यावर तिने बोट ठेवलं आणि तशीच थांबली. त्या ठिपक्याचा अर्थ तिला माहीत नव्हता. मला तिची दया आली, आणि ती आल्याचा रागही आला.

तिने फोन लावला. ती फोनचा आवाज नेहमीच मोठा ठेवते, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"वहिनी," ती म्हणाली. "सुईचा आकडा वर ठेवायचा की खाली?"

पलीकडे कोणीतरी भांडी लावत होतं. तो आवाज थांबला.

"मोजपट्टीला विचारा," वहिनी म्हणाली, आणि फोन बंद झाला.

या गोष्टीला आता सात महिने झाले. यंत्र अजून माझ्यावरच आहे. घरी न्यायला एकटीला ते पेलत नाही आणि हमालाला ती सांगत नाही. सकाळी येते, झाकणावरची धूळ फडक्याने पुसते. मी त्याच्याखाली आहे, मला नाही पुसत. पुडी खणात पडून आहे. वहिनीच्या नावावर तेव्हापासून एकही पार्सल आलेलं नाही.

मित्रांनो, परदेशातून काय मागवायचं ते मागवा, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. पण स्प्रिंगच्या वजनकाट्यावर ओझं ठेवून घरी जाऊ नका. एक दिवस चालतं, आठ दिवस चालतं. पुढे स्प्रिंग बसते. मग कोणी येऊन ओझं उचललं, तरी काटा शून्यावर येत नाही.