मधला चेहरा

मी पाच चेहऱ्यांचा पुठ्ठा. शर्टाच्या खोक्यातून कापलेला, वरून प्लॅस्टिक चढवलेला. माझ्या जन्माला एक काळजी कारण झाली. ‘मला बरं वाटावं म्हणून मुलांनी गोड गोड उत्तरं दिली तर?’ या प्रश्नापायी माझी मालकीण रात्रभर कूस बदलत राहिली आणि सकाळी उठून तिने मला रेखाटलं.

ती संशोधन करते. पहिलीतल्या मुलांना शाळेत कसं वाटतं, हा तिचा विषय. त्यांना धड वाचता येत नाही, म्हणून चेहरे: ढसाढसा रडणारा, हिरमुसलेला, सरळ रेघेच्या तोंडाचा, हसरा, खिदळणारा. मुलाने बोट ठेवलं की झालं मोजमाप! मन असं मोजता येतं, असं मलाही वाटायचं. प्लॅस्टिक नवं होतं ना.

शाळाशाळांतून हिंडलो, चिकट बोटं अंगावर घेतली. मग मालकिणीच्या लेकीची, ठमीची, शाळा बदलली. ती तिथे एकटीच डबा खाते, असं कुणीसं सांगितलं आणि मी घरकामाला जुंपलो गेलो. ठमीने दप्तर उतरवायच्या आत मी तिच्या नाकापुढे.

“ठमे, आज कसं वाटलं?”

पहिल्या दिवशी बोट हिरमुसलेल्यावर टेकलं. दुसऱ्या दिवशी मधल्यावर. मग रोज मधल्यावरच. तिथलं प्लॅस्टिक पार धुरकट झालं.

मालकिणीचा जीव भांड्यात पडला. संशोधनाच्या मार्गदर्शक बाईंना तिने कौतुकाने सांगितलं, तर त्यांनी चष्माच काढला.

“रोज तेच उत्तर येतंय, म्हणजे खरं येतंय असं कुठंय? वजनकाटा रोज दोन किलो कमी दाखवत असेल, तर तो नेमाचा आहे गं, खरा नाही. विश्वसनीयता वेगळी, वैधता वेगळी. तूच शिकवतेस ना?”

“शिकवते हो. घराचा उंबरा ओलांडला की विसरते.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच तोंडं असून ‘का गं?’ एवढंही मला कधी विचारता आलं नाही.

हल्ली मी गरम पातेल्याखाली असतो. खिदळणारा वितळून गेलाय. तक्रार नाही, माझी लायकी तेवढीच. फक्त एक ऐका. माझा एखादा भाऊबंद तुमच्या लेकरापुढे धरलात, तर बोट कुठे पडतं ते पाहू नका. बोट ठेवण्याआधी लेकरू कुणाच्या तोंडाकडे बघतं, ते पाहा.

बाईंनी चष्मा काढला, त्या संध्याकाळी घरी येऊन मालकिणीने मला बाजूला सारलं आणि ती फरशीवरच बसली.

“ठमे, रोज मधलाच का गं?”

ठमी बुटाची नाडी सोडत राहिली.

“तो हिरमुसलेला दाखवला, तेव्हा तू रात्रभर जागी होतीस. हसरा दाखवला तर विचारशील, कोणाशी खेळलीस.”

“मग?”

“मधला दाखवला की तू झोपतेस.”