ज्याचं वाजवलं त्याचं मीठ

अन्वर मास्तर माणूस सोन्याचा, पण डोक्याने अर्धा. हे मी त्याच्या तोंडावर म्हणतो, म्हणून इथेही म्हणतो. मी भिकन, त्याच्या बँडात ढोल वाजवतो. चाळीस वर्षं झाली, तो पुढे क्लॅरनेट फुंकतो आणि मी मागून ठोकतो.

निवडणूक आली की आमची चांदी. सकाळी एका उमेदवाराची फेरी, दुपारी त्याच्याच विरोधकाची. आणि इथेच मास्तरचा तो येडा नियम. म्हणायचा, "ज्याचं वाजवलं त्याचं मीठ खाल्लं. मीठ सगळ्यांचं आणि मत एकालाच? ही बेइमानी झाली." म्हणून मतदानाच्या दिवशी अख्खा बँड बायकापोरांसकट टेम्पोत बसून प्रकाशा गावी जायचा. तापीकाठी खिचडी शिजवायची आणि दिवेलागणीला परत यायचं. बोटाला शाई कधी लागलीच नाही. मीही मान डोलवत जायचो, मी तरी कुठला शहाणा!

यंदा नगरपालिकेची निवडणूक लागली आणि बातमी आली की नगरपालिकेचा संगीत वर्ग बंद होणार. शाळेमागची एक खोली, आठ-दहा वाद्यं, फुकट शिकवणी. तिथे दुकानांचे गाळे काढायचे म्हणे. मास्तरची नात अतिका त्या वर्गात क्लॅरनेट शिकते. अकरा वर्षांची पोर, वाजवताना डोळे मिटून घेते, अगदी आजोबासारखी. घरात क्लॅरनेट एकच, तेही रोज मास्तरबरोबर बँडच्या सुपारीवर जातं. वर्ग गेला की पोरीचं वाजवणं गेलं.

मास्तर हेमराजकडे गेला, मी सोबत होतो. हेमराज आमच्या वॉर्डाचा नगरसेवक, यंदाही उभा. त्याने चहा पाजला आणि हसत म्हणाला, "मास्तर, तुमचा शब्द मोडवत नाही हो. पण गाळे मागणारे मत देतात. तुम्ही त्या दिवशी खिचडी खाता."

घरी येऊन मास्तर भिंतीकडे तोंड करून बसला. त्याच्या बायकोने, खातूनभाभीने ताट वाढलं, तिकडे बघितलंही नाही. मला त्याचं वाईट वाटलं आणि तितकाच रागही आला.

आमच्या वॉर्डात वर्ग वाचवू असं बोलणारी एकच उमेदवार होती, सीमाताई. आमच्या बँडचे ड्रेस तीच शिवते. निवडून येईल असं तिलाही वाटत नव्हतं.

मतदानाच्या सकाळी टेम्पो दारात लागला. खिचडीची डेग चढली, तांदूळ चढले. मास्तर ड्रायव्हरशेजारी बसला. अतिका खाली उभी होती, चढेना. आजोबाला ती दादा म्हणते. म्हणाली, "दादा, आज तरी नको ना जाऊ." मास्तरने ड्रायव्हरला निघायची खूण केली. तेव्हा माझं डोकं फिरलं. संतापलो की मी सरळ अहिराणीवर येतो.

"उतर खाले! मीठ कोनं खादं तू, सांग मले! उमेदवारनं? अरे, तेस्नी पैसा दिधा, आपीन घाम गाया. हिसाब मिटना! तू वाजाडाले कोठे शिकना? त्याच खोलीमा! हातमा क्लॅरनेट कोनं व्हतं? नगरपालिकानं! तुना बापनी एक पैसा तरी दिधा व्हता का? गावनी शिकाडं तुले. खरं मीठ ते शे, मास्तर. आनि तेच तू इसरना!"

सगळी गल्ली थांबली. चाळीस वर्षांत मी त्याच्यावर असा ओरडलो नव्हतो. मला वाटलं, संपली दोस्ती.

मास्तरने टेम्पोचं दार उघडलं. मग खाली उतरला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "डेग उतरवा."

अख्खा बँड मतदानाला गेला. रांगेत तो माझ्या पुढे होता. बाहेर आला तेव्हा बोट असं जपून धरलेलं, जणू भाजलंय. "भिकन, रागावू नको," म्हणाला. "मला कोणी सांगितलंच नव्हतं रे." मी म्हटलं, "मला तरी कुठे सुचलं होतं?"

निकाल लागला, सीमाताई पडली. चांगली आपटली बिचारी. हेमराज निवडून आला. आम्ही समजलो, वर्ग गेला. मास्तरने अतिकाला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी हेमराज दारात. एरवी फोन करून "चार वाजता या" सांगणारा माणूस, चप्पल काढून ओट्यावर टेकला. "मास्तर, तुमच्या गल्लीच्या केंद्रावर सीमाताई माझ्या पुढे गेल्या. असं कधी झालं नव्हतं. वर्गाचं काय म्हणत होतात, जरा नीट सांगा."

मास्तर सगळ्या पुढाऱ्यांना "जी साहेब" म्हणणारा माणूस. पण आज म्हणाला, "वर्ग चालू ठेव. आणि तोंडी नको. लिहून दे."

हेमराजने इकडेतिकडे बघितलं, मग अतिकाच्या वहीचा कागद घेतला आणि लिहिलं. सही केली.

मास्तरला अक्षर दिसेना, डोळे भरले होते. त्याने कागद नातीला दिला. तिने मोठ्याने वाचलं: "संगीत वर्ग चालू ठेवण्याचा ठराव मी पहिल्या सभेत मांडीन."

"परत वाच, बेटा," मास्तर म्हणाला.

तिने परत वाचलं. मग मीच म्हणालो, अजून एकदा वाच.