घोटभर पाणी

बाथरूममधला नळ बंद झाला तसे त्याचे कान टवकारले. पेला भरतानाचा आवाज चढत गेला होता. पाणी ओतून दिल्याचा मात्र आला नाही. पाणीपुरवठ्याच्या चाव्या फिरवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला पाणी कुठं गेलं हे सांगावं लागत नाही.

बायको मनगटानं ओठ पुसत वॉर्डात आली.

"प्यायलीस?"

"चूळ भरली."

पोटातल्या गाठीचं ऑपरेशन तासाभरावर आलं होतं. थेंबभर पाणीही घ्यायचं नाही, भुलीत उलटी होऊन छातीत उतरली तर माणूस हातचं जातं, असं सिस्टरनं दोघांनाही बजावलं होतं. त्यावर, ही सिस्टर पहिल्या दिवसापासून मला पाण्यात पाहते, असं बायकोचं म्हणणं. नवरा गावाला पाणी पाजतो आणि बायकोची जीभ टाळ्याला चिकटलीय, असं सांगून तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईला हसवलंही होतं.

आता ती खाटेवर बसली आणि तिनं त्याचं मनगट धरलं.

"सांगू नका. मागच्या वेळी प्रेशर वाढलं म्हणून परत पाठवलं. आता पुढं ढकललं तर मी पुन्हा यायची नाही."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ती बोलली की तसंच करायची.

तेवढ्यात भूल देणारी डॉक्टरीण आली. सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं का, असं तिनं विचारलं. बायको छे म्हणाली. डॉक्टरणीनं सवयीनं त्याच्याकडं पाहिलं. मनगटात नखं रुतली.

"पेलाभर पाणी प्यायलीय," तो म्हणाला.

डॉक्टरीण रागावली नाही. तिनं नंबर शेवटी टाकला, संध्याकाळी.

बायकोनं हात सोडला आणि भिंतीकडं तोंड केलं. उशी नीट करू का, पंखा कमी करू का, त्यानं विचारून पाहिलं. ती जरा हलली तरी वाटे, उठली, निघाली घरी. शेजारीण म्हणाली, राग काय, आज ना उद्या ओसरेल. त्याला उद्याचाच भरवसा नव्हता.

संध्याकाळी स्ट्रेचर आलं. त्याचा हात न घेता ती आपली आपण चढली. तो ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत बाजूनं चालत गेला. तिथं ती छताकडं बघत म्हणाली,

"सकाळी पाणी येईल. भरून ठेवा."

"ठेवतो."

घरी पाणी यायच्या वेळी तो कायम टाकीवर असायचा. इतकी वर्षं घरचं पाणी तिनं एकटीनंच भरलं होतं.

"अगं, आधी काय भरायचं?" त्यानं विचारलं.

दार लागलं होतं.